दत्तक लेकराच्या माथी सैतान

सैतानावर बेतलेल्या चित्रपटाविषयी धर्मगुरू लिहू लागला, की वाचक पुढचे सारे गृहीत धरतो: आता हिंसाचाराचा निषेध होणार, नव्या पिढीच्या अभिरुचीवर दोन अश्रू ढाळले जाणार आणि शेवटी टीव्ही बंद ठेवून जपमाळेची प्रार्थना करण्याचे आवाहन होणार. त्यांपैकी काहीही मला येथे करायचे नाही. भयपट पाहून कोणाची श्रद्धा उडाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. उलट पडद्यावरील अंधाराला घाबरून चार दिवस नियमाने गुडघे टेकणारी मुले मी पाहिली आहेत. माझे भांडण एका विशिष्ट चित्रपटाशी आहे, आणि तेही त्यातील सैतानामुळे नव्हे. त्यातील मुलीमुळे आहे.

'ओमेन ४ : द अवेकनिंग' हा १९९१ च्या मे महिन्यात अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवरून दाखवला गेलेला, खास दूरचित्रवाणीसाठी तयार केलेला चित्रपट. कलाकृती म्हणून त्याची योग्यता बेताचीच. दोन दिग्दर्शकांची नावे त्यावर आहेत आणि त्या दोघांना काय सांगायचे होते, हे शेवटपर्यंत उमगत नाही. असला टाकाऊ ऐवज विसरून जाण्यास हरकत कोणती, असे कोणी विचारील. हरकत अशी, की चांगला कलावंत आपले पूर्वग्रह झाकण्याइतका तरी कुशल असतो. टाकाऊ चित्रपट ते उघडेच टाकतो. एखाद्या समाजाच्या मनाच्या तळाशी काय साचले आहे ते पाहायचे असेल, तर त्याचे उत्तम ग्रंथ वाचण्याऐवजी त्याच्या स्वस्त करमणुकीकडे पाहावे.

कथा थोडक्यात अशी. जीन आणि कॅरन यॉर्क हे सुस्थितीतील वकील दाम्पत्य मूल होत नाही म्हणून धर्मभगिनींच्या अनाथालयातून एक तान्ही मुलगी दत्तक घेते. तिचे नाव डेलिया. स्नानसंस्काराच्या वेळी ती आकांत मांडते. मोठी होते तशी तिच्याभोवती माणसे मरू लागतात. मुलांना सांभाळणारी बाई स्फटिकांच्या आणि देहाभोवतीच्या तेजोवलयांच्या नादी लागलेली; तिला या मुलीत काहीतरी अशुभ दिसते आणि ती प्राणास मुकते. आई गुप्तहेराला पैसे देऊन मुलीचे मूळ शोधू लागते, तोही मरतो. अखेरीस उलगडा होतो, की डेलिया ही डेमियन थॉर्नची, म्हणजे आधीच्या तीन चित्रपटांतील ख्रिस्तविरोधकाची, औरस कन्या आहे. आई स्वतःवर गोळी झाडून घेते. वडील या वेळेपावेतो राजकारणात बरेच वर चढलेले असतात.

ही कथा जन्माला आली कशी, हे समजून घेण्यासाठी धर्मशास्त्राची गरज नाही. दुकानदारीचे साधे ज्ञान पुरे आहे. १९७६ च्या पहिल्या 'ओमेन'ने अफाट पैसा मिळवला. १९७८ साली दुसरा भाग आला, १९८१ साली तिसरा, आणि त्या तिसऱ्यात डेमियनचा अंत झाला. नायक मेला, परंतु नाव विकण्याजोगे उरले. वारस हवा होता. मोठे नट, मोठी दृश्ये दूरचित्रवाणीच्या खर्चात बसणारी नव्हती; तेव्हा घर, शाळा, जिना, आणि कॅमेऱ्याकडे एकटक पाहणारे एक मूल एवढ्यावर भागवायचे होते. ते मूल घरात आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दत्तकविधान. लेखकाला फार विचार करावा लागला नसावा. प्रेक्षकाच्या मनात ती भीती आधीपासूनच होती. तिला फक्त नाव-गाव द्यायचे होते.

पहिल्या चित्रपटाशी याची तुलना केली, की एक सूक्ष्म पण भयंकर फरक ध्यानात येतो. १९७६ च्या कथेत रोममधील इस्पितळात आपले मूल मेल्याचे ऐकून अमेरिकन मुत्सद्दी रॉबर्ट थॉर्न दुसरे अर्भक गुपचूप स्वीकारतो आणि ही गोष्ट आपल्या पत्नीपासून लपवून ठेवतो. तेथे निदान एक पाप घडलेले आहे: पतीने पत्नीशी बोललेले असत्य. पुढची सारी पडझड त्या असत्यातून होते, असे कोणी म्हटले तर ते मान्य करता येईल. यॉर्क दाम्पत्याने काय केले? काहीही लपवले नाही. त्यांनी उजेडात, राजीखुशीने एका निराधार अर्भकाला आपले म्हटले. एवढाच त्यांचा अपराध. पंधरा वर्षांत या मालिकेने फसवणुकीवरील संशय उचलला आणि दत्तक घेण्याच्या कृतीवरच आणून ठेवला.

ही विषवल्ली मुळात आणखी जुनी आहे. १९५४ साली विल्यम मार्च यांची 'द बॅड सीड' ही कादंबरी आली, त्याच वर्षी तिचे नाटक झाले आणि १९५६ साली चित्रपट. त्यात आठ वर्षांची गोड मुलगी थंडपणे खून करते. कारण काय? तर तिची आई लहानपणी दत्तक गेलेली असते आणि आईची जन्मदात्री खुनी होती. वाईट रक्त एक पिढी वगळून उतरले, असे शास्त्राचा आव आणून सांगितले गेले. २००९ साली 'ऑर्फन' आला. पुन्हा धर्मभगिनींचे अनाथालय, पुन्हा दत्तक मुलगी. त्याच्या जाहिरातीत, दत्तक मुलावर स्वतःच्या मुलाइतके प्रेम करणे अवघड असावे, अशा आशयाचे एक वाक्य होते. दत्तक कुटुंबांच्या संघटनांनी आक्षेप घेतला, तेव्हा निर्मात्यांनी ते काढले. जाहिरातीतून वाक्य गेले. चित्रपटातून कल्पना कशी जाणार? तिच्यावरच तर इमारत उभी होती.

आपल्याकडे हीच कल्पना तीन शब्दांत बसवलेली आहे: खाण तशी माती. म्हणून अमेरिकेतील एका जुन्या चित्रपटावर येथे शाई खर्चण्यात मला संकोच वाटत नाही.

आता धर्माच्या बाजूने पाहू. कारण या मंडळींनी आमच्या घरातील भांडीकुंडी उचलून नेली आहेत आणि त्यांत भलताच पदार्थ शिजवला आहे. सहाशे सहासष्ट हा आकडा प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात येतो, आणि तेथे तो एका माणसाचा आकडा आहे असे सांगून वाचकाला हिशेब करण्यास सुचवले आहे. बहुतेक अभ्यासक तो हिशेब इब्री अक्षरांत लिहिलेल्या नेरो सम्राटाच्या नावाशी जुळवतात. काही प्राचीन हस्तलिखितांत तर तो सहाशे सोळा आहे. छळणाऱ्या राजसत्तेला उद्देशून योजलेली ती खूण बाळाच्या तळहातावर उमटवण्याचे कोणतेही कारण योहानाने दिलेले नाही. 'ख्रिस्तविरोधक' हा शब्द तर प्रकटीकरणात एकदाही येत नाही. तो योहानाच्या पहिल्या व दुसऱ्या पत्रात येतो, एके ठिकाणी तर अनेकवचनातही. आणि तेथे तो लागू होतो तो आपल्यातूनच बाहेर पडलेल्या, ख्रिस्ताला नाकारणाऱ्या प्रौढ माणसांना. म्हणजे योहानाचा ख्रिस्तविरोधक घरातला आहे. चित्रपटवाल्यांनी त्याला बाहेरून आणलेला करून टाकला. किती सोयीचे!

नेरोचे नाव निघालेच आहे, तर चिकित्सक वाचक मला अडवील, की फादर, नेरो स्वतः दत्तकपुत्र होता. खरे आहे. क्लॉडियसने त्याला इसवी सन ५० मध्ये दत्तक घेतले. पण ट्रेजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस आणि मार्कस ऑरेलियस हे रोमचे कर्तबगार सम्राटही दत्तक वाटेनेच गादीवर आले. आणि त्या मार्कस ऑरेलियसचा औरस पुत्र कोमोडस, ज्याने राज्याची धूळधाण केली. इतिहासाला साक्षीला बोलावायचे तर त्याची पूर्ण साक्ष ऐकावी.

संत पौल याच रोमन जगात वावरत होता. तेथे दत्तक गेलेल्याचे जुने कुळ आणि जुने ऋण मागे राही आणि नव्या पित्याच्या मिळकतीवर त्याचा पूर्ण अधिकार चाले. आपले देवाशी जडलेले नाते समजावून सांगण्यासाठी पौलाने नेमका हाच कायद्याचा शब्द निवडला. रोमकरांस तीनदा, गलतीकरांस एकदा, इफिसकरांस एकदा. म्हणजे आपण सगळे, अगदी सात पिढ्यांच्या ख्रिस्ती घराण्यांचा अभिमान मिरवणारेसुद्धा, देवाच्या घरात दत्तक आलेली माणसे आहोत. मत्तयाने वंशावळ कोणाची दिली आहे? योसेफाची. दाविदाच्या कुळाचा वारसा येशूकडे आला तो योसेफाकडून, ज्याचे रक्त त्याच्या देहात नव्हते. मोशे परक्या राजकन्येच्या मांडीवर वाढला. एस्तेरला मर्दखयाने लेक मानून सांभाळले. एवढे असताना, कॅथलिक अनाथालयाच्या दारातून सैतान घरात येतो असे दाखवणारा चित्रपट 'धार्मिक भयपट' म्हणून विकला जातो, याला काय म्हणावे?

जन्मतःच दुष्ट आणि कशानेही न सुधारणारा असा मानवी जीव असू शकतो काय, हा प्रश्नही नवा नाही. इसवी सन ५२९ मध्ये दक्षिण गॉलमधील ऑरेंज येथे भरलेल्या धर्मपरिषदेने, कोणालाही देवाने दुष्टतेसाठी आधीच नेमलेले असते हे मत स्पष्टपणे धिक्कारले. त्याच्या हजार वर्षे आधी यहेज्केल संदेष्ट्याने बापाच्या अपराधाचा भार मुलावर नाही, असे बजावून ठेवले होते. मूळ पापाचा सिद्धान्त कोणी माझ्यासमोर नाचवील, तर मी त्याला एवढेच सांगेन, की तो सर्वांना सारखा लागू आहे; अनाथालयातील पाळण्यासाठी त्याची वेगळी, अधिक कडक आवृत्ती काढलेली नाही. आणि त्या स्नानसंस्कारातील आकांताविषयी काय सांगावे! पाव शतकात मी शेकडो बाळांच्या डोक्यावर पाणी ओतले आहे. थंड पाणी पडताच जे रडत नाही, त्याचीच मला काळजी वाटते. या चित्रपटात संस्काराने काही घडत नाही. सत्य उघड होते ते दाईच्या स्फटिकांतून. यावरून निर्मात्यांचा खरा धर्म कोणता, ते वाचकांनीच ओळखावे.

परंतु चित्रपटाचे सर्वांत मोठे दुष्कृत्य यांपैकी कोणतेच नाही. ते असे, की त्यात कोणीही डेलियाला काही विचारत नाही. आई गुप्तहेराला विचारते, डॉक्टरला विचारते, धर्मगुरूला विचारते. मुलीकडे सगळे पाहतात. तिच्याशी बोलत कोणी नाही. तिचे गप्प राहणे, रोखून पाहणे, आईच्या कुशीतून अंग चोरून घेणे हे सारे पुरावे म्हणून नोंदवले जाते.

या पुराव्यांची मला ओळख आहे. थोडी मोठी झाल्यावर संस्थेतून घरात आलेली मुले असेच वागतात. ती मिठीत ताठ होतात. रात्री झोपत नाहीत. कारणाशिवाय खोटे बोलतात, वस्तू फोडतात, पाळीव मांजराला दुखावतात, आणि नव्या आईला सर्वांत जास्त छळतात. कारण जी जवळ येते तीच सोडून जाते, एवढाच त्यांच्या आयुष्याचा धडा असतो आणि तो लवकर पडताळून पाहणे त्यांना बरे वाटते. माझ्या सेवेतील एका धर्मग्रामात एका दाम्पत्याने सहा वर्षांची मुलगी आणली होती. चार महिन्यांनी एका संध्याकाळी मिस्सानंतर ती बाई सॅक्रिस्टीच्या दाराशी उभी राहिली. म्हणाली, "फादर, मुलगी परत देता येते का हो?" मुलगी चोरी करते. तिच्या उशीखाली, कपड्यांच्या खणात, अगदी दप्तरातही पावाचे तुकडे सापडतात, बुरशी धरलेले. घरातील एका मावशींनी असले चित्रपट बरेच पाहिले होते. त्यांनी निदान करून टाकले होते, की या मुलीच्या डोळ्यांत काहीतरी आहे आणि घरात तान्हे मूल असते तर त्या त्याला हिच्याजवळ ठेवले नसते.

"पाव कशासाठी ठेवते, असे तिला विचारलेत?" मी म्हणालो.

विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारले. मुलीने उत्तर दिले, "उद्यासाठी."

पाव लपवणे थांबायला दीड वर्ष लागले. दरम्यान त्या आईने रोज रात्री मुलीच्या समोर एका डब्यात दोन पाव ठेवायचे आणि डबा तिच्या हातात द्यायचा, असा परिपाठ ठेवला. मावशींचे येणे मात्र तिने बंद केले, याचे मला मुळीच वाईट वाटले नाही.

'सिनेमा तो सिनेमा, तो कोण मनावर घेतो?' हे वाक्य मला अनेकदा ऐकवण्यात आले आहे. मनावर घेणारी माणसे ती. मूल परत करण्याची घटना इतकी परिचित आहे, की दत्तकविधानाच्या सरकारी नियमावलीला तिच्यासाठी वेगळी संज्ञा आणि वेगळी तरतूद करावी लागली आहे. त्या निर्णयापर्यंत पोचणाऱ्या माणसाच्या मनात चित्रपट एकटा नसतो हे मला मान्य आहे. तेथे शेजारी असतात, आत्या-मावश्या असतात, संपत्तीचा वाटा जाईल म्हणून अस्वस्थ झालेले पुतणे असतात. चित्रपट त्या सगळ्यांच्या हाती एक तयार चेहरा देतो.

आपल्या देशात ख्रिस्ती कुटुंबांपुढे तर कायदाही बराच काळ आडवा उभा होता. १९५६ चा दत्तकविधानाचा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता. ख्रिस्ती माणसाला १८९० च्या कायद्याखाली मुलाचा पालक तेवढे होता येई. बाप होता येत नसे. मूल सज्ञान झाले, की नाते कायद्याच्या दृष्टीने संपले. मृत्युपत्र केले नसेल तर वारसाही नाही. बाल न्याय अधिनियम २००० साली आला, २००६ साली त्यात दुरुस्ती झाली, आणि धर्म कोणताही असो, दत्तक घेता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणजे १९९१ मध्ये डेलियाच्या रूपाने दत्तक मुलीला राक्षसीण ठरवले जात होते, तेव्हा आपल्या समाजातील अशा मुलींना कागदोपत्री 'मुलगी' हे नावही मिळत नव्हते.

येथे ख्रिस्तसभेलाही मोकळे सोडता येणार नाही. १९१७ च्या धर्मसभेच्या कायद्यात विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्याला खास सूट मिळाल्यावाचून धर्मगुरू होता येत नसे. आईबापांच्या वर्तनाची शिक्षा लेकराला! १९८३ च्या नव्या कायद्याने ती अट गाळली. त्याच कायद्याच्या ११० व्या कलमात, देशाच्या कायद्यानुसार दत्तक घेतलेले मूल हे दत्तक घेणाऱ्यांचेच मूल होय, असे म्हटले आहे, आणि ८७७ व्या कलमानुसार स्नानसंस्काराच्या नोंदवहीत दत्तक आईवडिलांची नावे लिहायची असतात. कायदा सुधारला. पण विवाहाच्या चौकशीला आलेली मंडळी आजही मला हळूच बाजूला घेऊन विचारतात, "फादर, मुलगी त्यांचीच ना?" मी वही उघडून नावे वाचून दाखवतो. त्यांना ते उत्तर पटत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते.

महाराष्ट्राला तरी हा धडा परक्याकडून शिकण्याचे कारण नव्हते. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. लोकनिंदेने त्या मातेला आणि अर्भकाला केव्हाच निकालात काढले होते. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने रुग्णांची सेवा केली. सावित्रीबाईंचा अंत त्याच सेवेत झाला. खाण आणि माती यांचा हिशेब मांडणाऱ्यांनी हे नाव कोणत्या रकान्यात घालायचे ते सांगावे.

आता या चित्रपटाविषयी शेवटचे. कॅरनला पुढे दिवस जातात आणि तिला स्वतःच्या पोटचा मुलगा होतो. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो: चला, एक तरी मूल आपले! पण लेखकाला आणखी एक धक्का द्यायचा असतो. उघडकीस येते, की तो मुलगा डेलियाचाच जुळा भाऊ. डॉक्टरने तो गर्भ कॅरनच्या नकळत तिच्या उदरात ठेवला होता. ख्रिस्तविरोधक खरा तो, आणि डेलिया नुसती त्याची राखणदार. या ठिकाणी चित्रपट स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडतो. नऊ महिने पोटात वाढवलेले मूल जर दत्तक मुलीइतकेच परके निघू शकते, तर दीड तास रक्ताच्या नात्याची जी महती गायली ती कशासाठी? आणि त्या दोघांवर ज्या बाईने प्रेम केले, फक्त तिलाच का मरावे लागते? वडील जिवंत राहतात, राजकारणही चालू राहते.

लेखकाने या प्रश्नांशी झुंजायला हवे होते. त्याने स्मशानभूमीचे दृश्य टाकून चित्रपट संपवला. पाचवा भाग तेवढ्यावर निघाला नाही. पण २००६ साली पहिल्याच चित्रपटाची नवी आवृत्ती आली, आणि २०२४ च्या 'द फर्स्ट ओमेन'मध्ये कॅमेरा पुन्हा रोममधील धर्मभगिनींच्या अनाथालयात शिरला. त्या अनाथालयातील मुलींकडे कसे पाहायचे, हे प्रेक्षकाला तिकीट काढण्यापूर्वीच ठाऊक होते.